अर्धा कोयता

ऊसतोडीत एक कोयता म्हणजे दोन माणसं. एकानं ऊस तोडायचा, दुसऱ्यानं मोळी बांधायची. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादमही त्याला घ्यायला कुरकुरतो.

पंकजा आणि सविता ऊसतोडीच्याच घरांतल्या पोरी. दोघींनी जामखेडला आजारी माणसांच्या सेवेचा कोर्स केला. जपानातल्या वृद्धाश्रमांत अशी माणसं लागतात हे कळलं, तशी दोघींनी अजिनाथ सरांच्या जपानीच्या वर्गात नावं घातली. पंकजाला एकच ध्यास होता, पुन्हा उसाच्या फडात पाय ठेवायचा नाही.

पण भाषा कसली ती! तीन तऱ्हांची अक्षरं, त्यातलं कांजीचं एकेक अक्षर म्हणजे काट्यांचं कुंपण. महिन्याभरात पंकजानं पुस्तक मिटलं. सविताच घरी आली.

"तू सोडलंस तर मी बी सोडते, पंके. आपन वाटून घिऊ. माझी जीभ चालती, मी बोलायचं बघते. तुझं अक्षर बरं हाय, तू लिवायचं बघ. मागनं येकमेकीला शिकवू."

"कोयताच लावू म्हन की!" पंकजा हसली.

त्यात वावगं असं दोघींना काही वाटलं नाही. जन्मापासून कामं अशीच वाटलेली पाहिली होती.

पंकजा रोज पाच कांजी गिरवायची. आई केशरबाई भाकरी थापता थापता बघायची.

"काल बी ह्येच गिरवत हुतीस की."

"काल इसरले."

"मग आज बी इसरशील."

"इसरू दे. धा येळा लिवलं की ऱ्हातंय."

वर्षात सात वह्या भरल्या, तीनशे अक्षरं हाताला बसली. बोलायचं म्हटलं की मात्र जीभ टाळूला चिकटायची. सविता म्हणायची, "पुढल्या म्हैन्यापासून शिकवते." तो महिना काही उजाडला नाही.

मग सविता चार दिवस वर्गात दिसली नाही. मामाकडं बेलापूरला गेलीय, असा तिचा निरोप होता. पाचव्या दिवशी सर पेढे घेऊन आले.

"सविताची जपानसाठी निवड झाली, आता पुण्यात प्रशिक्षण. मुलाखत फार छान दिली तिनं."

"कसली मुलाखत, सर?"

सर गोंधळले. "दोन जागा होत्या. तुझंही नाव देणार होतो मी. सविताच म्हणाली, पंकजाचं लग्न ठरलंय, ती नाही येणार."

हातातला पेढा पंकजानं बाकावर ठेवला. खोटंच बोलायचं होतं तर आजारी आहे म्हणायचं. लग्न म्हणाली, कारण पोरीचं लग्न ठरलं म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही. सविताला ते पक्कं ठाऊक होतं.

पंधरा दिवस वही उघडली नाही. केशरबाई हळूच म्हणाली, "मुकादम इचारत हुता. दिवाळीनंतर तोडीला येती का आमच्यासंगं?" पंकजा घागर उचलून पाण्याला गेली.

आणि एके दुपारी पुण्याहून सविताचा फोन आला.

"पंके, राग सोड बाई. म्हैन्यानं लेखी पेपर हाय. मला येक बी अक्षर वळखू येईना. तुझ्या वह्या तेवढ्या टेम्पोत टाकून दे की."

"देते. आदी सांग, माझं लग्न कुनाशी ठरवलंस?"

सविता म्हणाली, "मुलाखत दोघींची जोडीनं हुनार हुती. तुला बोलता येत न्हाई. तू गप बसली असतीस, तर माझी बी जागा गेली असती."

"बोलायचं कोन शिकवनार हुतं मला?"

पंकजानं फोन ठेवला. वह्या गेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात गेली. नवी पोरं पहिला धडा म्हणत होती. ती त्यांच्यात बसली. पाळी आली तेव्हा नाव आणि गाव जपानीत सांगताना तीनदा अडखळली. मागची दोघं हसली. तिनं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

सर म्हणाले, "बोलण्याच्या सरावाला जोडीदार लागेल. या सगळ्यांत कुणाबरोबर बसतेस?"

तिनं सगळ्यांकडं पाहिलं. पोरी चांगल्या दिसत होत्या. सविताही चांगलीच दिसायची.

"कोनासंगंच न्हाई."

"अगं, बोलायला समोर माणूस तरी हवं ना!"

"मग तुमीच बसा, सर," ती म्हणाली, आणि त्यांची खुर्ची ओढून तिनं आपल्या समोर ठेवली.