इमानपट्टीवरचा दगड

कागद कारखान्यातून निवृत्त होऊन लीलाधर महाजनला चार वर्षं झाली होती, आणि त्या चार वर्षांत तो घरात एक दिवस स्वस्थ बसला नव्हता. जैनाबादच्या पुढे, तापीपासून कोसभर आत, माळावर महायुद्धाच्या काळातली एक धावपट्टी होती. जुनी माणसं विमानाला ‘इमान’ म्हणत, म्हणून ती इमानपट्टी. पुढं तिच्यावर कापूस वाळला, पोरं सायकल शिकली, आणि अलीकडं तर लोक तिचं काँक्रीट फोडून गोठ्यात घालायला नेऊ लागले. ते थांबवायला लीलाधरनं बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातल्या आपल्या घरातून अर्जावर अर्ज केले होते. अखेर मंजुरी आली. पट्टी जशीच्या तशी राखायची, भोवती झाडं लावायची, पडक्या चौकीची डागडुजी करायची आणि मधोमध काळा दगड उभा करायचा. त्याला स्मृती उद्यान म्हणायचं.

दगडावर १९४४ साली तिथं कोसळलेल्या विमानातल्या मृत सैनिकाचं नाव कोरून झालं होतं. खाली आणखी एक ओळ होती: ‘हिरामण सुपडू महाजन, ज्यांनी जळत्या विमानातून वैमानिकाला बाहेर काढले.’

हिरामण म्हणजे लीलाधरचा बाप. पट्टीवरचा चौकीदार.

उद्घाटनाला बारा दिवस राहिले, तेव्हा उद्यानाचं काम पाहणारे योगेंद्र साहेब म्हणाले, “लीलाधरजी, ते डोळ्यांनी पाहिलेलं कोणी आहे का? एक छोटासा व्हिडिओ हो जाए, तर कार्यक्रमात दाखवू.”

पाहिलेलं एकच माणूस उरलं होतं, देडतलाईची सोजरबाई. विमान पडलं तेव्हा ती पट्टीजवळच्या वस्तीत राहणारी अकरा वर्षांची पोर होती. लीलाधर तिला आत्या म्हणायचा. रक्ताचं नातं काही नव्हतं, पण बाप दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आंबे आणि लुगडं घेऊन तिच्याकडे जायचा आणि सायकलच्या दांडीवर लीलाधरलाही न्यायचा. का जायचं, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं मोटारसायकल काढली. सोजरबाई ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. त्यानं मोबाइल समोर धरला.

“आत्या, विमान पडलं त्या दिवशी काय झालं ते सांग.”

“आधी त्या दगडावर काय लिव्हलं ते वाच.”

त्यानं वाचून दाखवलं. सोजरबाईचा हात शेंगेवर थांबला.

“आन् चुडामण?”

“कोण चुडामण?”

“माहा भाऊ. आगीत तो घुसला व्हता, तुहा बाप नाही. दिवेलागनीची येळ व्हती. इमान पडलं, पेटलं, सारे मांघं सरले. चुडामणनं अंगावर ओलं पोतं घेतलं आन् त्या गोऱ्याले ओढून काढलं. मंग सोता जळाला. आठ दिस बुऱ्हानपुरात दवाखान्यात व्हता. नवव्या दिवशी गेला. एकोनीस वर्षांचा.”

मोबाइल अजून चालूच होता.

“मग तू इतकी वर्षं बोलली काऊन नाही?”

“कोनी इचारलं? आन् तुह्या बापानं जिता असेपर्यंत माहं माहेर तुटू नाही देलं. तो दर आखाजीले दारात उभा. मी काय उठून सांगू लोकायले, का ह्याचं नाव खोडा म्हनून?”

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना केळीच्या बागा पळत होत्या, पण त्याला डोळ्यांसमोर फक्त बाप दिसत होता. पारावर कोणी, हिरामणनं वैमानिकाला कसं काढलं, ती गोष्ट रंगवून सांगायला लागलं की बाप उठून बैलांकडे निघून जायचा. लीलाधरला तो त्याचा साधेपणा वाटायचा. घरी गेल्या गेल्या त्यानं भिंतीवरची चौकट काढली. तीत विमान पडल्यानंतर गोऱ्या साहेबानं बापाला दिलेलं इंग्रजी पत्र होतं, ते एकेक शब्द लावून वाचलं. ‘त्या दिवशीच्या सेवेबद्दल’ हिरामणचे आभार मानले होते. कसली सेवा, याचा त्यात एक शब्द नव्हता.

पुढचे तीन दिवस तो घरभर येरझारा घालत राहिला. जेवताना मधेच उठायचा, अंघोळीचं पाणी काढून विसरायचा. शेवटी बायकोनं, वैजयंतीनं, ताट बाजूला सारलं.

“पत्रिका वाटून झाल्या. तुमचे किरणभाऊ दोन गाड्या करून येताहेत. तुमच्या बाबांनी कोणाचं वाईट केलं का? मग कशाला उकरायचं?”

“वाईट नाही केलं. पण दुसऱ्याचं मरण त्यांच्या नावावर चढलंय, वैजू.”

“ते तुम्हीच चढवलं. बाबांनी नाही.”

त्यानं पायात चपला सरकवल्या आणि तडक साहेबांच्या कार्यालयात गेला.

योगेंद्र साहेबांनी रेकॉर्डिंग पूर्ण ऐकलं. चष्मा काढून पुसला. “लीलाधरजी, पत्थर तो बन गया. आणि नव्वदीच्या बाईची आठवण, याला पुरावा कसा म्हणायचं? आत्ता कार्यक्रम होऊ द्या. नंतर चौकशी लावू.”

“साहेब, आत्ताच्या ओळीला तरी पुरावा काय आहे?”

“तुमचा अर्ज. त्यात तुम्हीच लिहिलंय.”

“तो मी परत घेतो.” लीलाधरनं तिथंच एक कोरा कागद मागून घेतला. त्यावर लिहिलं: वडिलांबद्दल मी दिलेली माहिती चुकीची होती, ती दगडावर राहू नये. खाली सही केली.

साहेबांनी कागद वाचून फाइलमध्ये ठेवला. “बडा मुश्किल काम कर दिया आपने,” ते म्हणाले. ते कौतुक होतं की वैताग, हे लीलाधरला कळलं नाही.

नवीन दगड मिळायला वेळ नव्हता. कारागिरानं ती ओळ मशीननं घासून काढली. उद्घाटनाच्या दिवशी काळ्या चकचकीत दगडावर मधोमध एक खरबरीत पांढुरका पट्टा दिसत होता. लीलाधरच्या भावानं, किरणनं, तो पाहिला आणि चहा न घेता गाड्या वळवल्या. भाषणं झाली, फुलं वाहिली. लीलाधर खुर्चीत टेकतच नव्हता. कधी मंडपामागं, कधी फाटकाशी.

मंडळी पांगल्यावर नातसुनेचा, ज्योत्स्नाचा, हात धरून सोजरबाई दगडाशी आली. तिनं घासलेल्या पट्ट्यावर तळवा टेकवला.

“इथं काय व्हतं?”

“बाबांचं नाव. काढायला लावलं मी.”

“कोनी सांगितलं तुले?” म्हातारी एवढ्या जोरात ओरडली की खुर्च्या उचलणारी माणसं वळून पाहू लागली. “मी चुडामणचं लिव्ह म्हटलं, हिरामणचं खोड कवा म्हटलं? अरे, दोघं जळलेले गाडीत घालून कोन निंघालं? तापीले पानी व्हतं, बैल उतरेनात. तुहा बाप छातीइतक्या पान्यात शिरला, येसन धरून बैल ओढत नेले. त्यानं नेलं नसतं तं तो गोरा काठावरच मेला असता. माह्या भावाले आठ दिस मिळाले, माय त्याच्याशी बोलली, ते कोनामुळं?”

लीलाधर मटकन दगडाच्या कट्ट्यावर बसला. कितीतरी दिवसांत तो असा बसला नव्हता. बापाला पोहता येत नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं.

“आत्या, पुन्हा सांग. सगळं. सावकाश.”

“तं मंग काढ तुहा मोबाइल.”

चौकशीला पाच महिने लागले. दवाखान्याच्या जुन्या नोंदवहीत चुडामणचं नाव सापडलं, त्याला आणणारा म्हणून हिरामणचंही. पावसाळा सरता सरता त्या खरबरीत पट्ट्यावर दोन ओळी कोरल्या गेल्या, आधी चुडामणची, मग हिरामणची. जागा कमी पडल्यानं अक्षरं बारीक आली. वाचायला वाकावं लागतं. किरण अजून लीलाधरशी बोलत नाही.