सत्तेचाळीस झुबके

महामार्गाच्या कडेचं गवत कापणाऱ्या टोळीच्या मुकादमाला सगळं खातं ‘झेंडेबुवा’ म्हणायचं, आणि हे नाव त्याने पायपीट करून कमावलेलं होतं. गवत कमरेला लागलं की वळणावर समोरची गाडी दिसत नाही, म्हणून ते कापावं लागतं. नेमकं त्याच दिवसांत लावे आणि तितर त्या गवतात, जमिनीवर अंडी घालतात. आता पाखरांना कोण सांगणार की जरा मागे सरकून संसार मांडा! म्हणून यंत्र यायच्या आदल्या दिवशी झेंडेबुवा काठी घेऊन सगळा पट्टा तुडवायचा आणि घरटं दिसलं की शेजारी लाल झेंडा रोवायचा. ट्रॅक्टरवाला तेवढा झुबका सोडून बाकीचं साफ करायचा. झेंडे बायको घरी शिवून द्यायची.

साहेबांच्या मनात खरं तर वेगळंच होतं. वळणं तेवढी कापायची आणि बाकीची कापणी दोन महिने, पिल्लं उडेपर्यंत, बंद ठेवायची. कागदही तयार होता. पण कापणी बंद म्हणजे टोळी घरी. तेव्हा झेंडेबुवाच हात जोडून म्हणाला होता, “साहेब, पाखरंही जगतील आणि माणसंही. एक हंगाम झेंडे लावून बघू द्या.” तो हंगाम गेला, पात्याखाली एकही घरटं आलं नाही, आणि यंदा साहेबांनी कागद फाडून नवा हुकूम काढला. सगळ्या रस्त्यावर हीच पद्धत. सोमवारी बारा टोळ्यांच्या मुकादमांना झेंडेबुवा शिकवणार होता.

कापून झालेल्या पट्ट्याकडे कुणी वळून बघत नाही, पुढचा पट्टा वाटच बघत असतो. शुक्रवारी तो मागे गेला तो केवळ विसरलेला कोयता आणायला. पहिल्या झेंड्याच्या काठीवर एक कावळा बसला होता. तो खाली झुबक्यात उतरला, थोड्या वेळाने चोच पुसत वर आला आणि उडून दुसऱ्या झेंड्यावर बसला. मग तिसऱ्या. पोस्टमन दारोदार फिरतो तसा, एकही घर न चुकवता.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असेल, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. मग एकेक झुबका उकलून बघितला. तेवीस झेंडे होते. एकवीस घरट्यांत नुसती टरफलं. पुढे मोरीजवळ ट्रॅक्टर बंद पडला होता, तिथलं गवत तसंच राहिलं होतं आणि तिथे झेंडाही नव्हता. त्या गवतातून लाव्याची मादी पळाली, मागे सात-आठ पिल्लं. झेंडेबुवा मोरीच्या कठड्यावर बसून राहिला. कोयता न घेताच घरी गेला.

“दोनशे झाले,” बायको मशीनवरून मान वर न करता म्हणाली. “आता सगळ्या रस्त्यावर माझे झेंडे. तुमचं नाव नि माझा धागा! अहो, जेवत का नाही?”

“पोट बरं नाही,” तो म्हणाला. खाई त्याला खवखवे म्हणतात, याला तर न खाताच खवखवत होतं. शनिवार गेला, रविवार गेला. साहेबांना फोन लावायचा म्हणून त्याने चारदा मोबाइल हातात घेतला आणि चारदा ठेवला. झेंडेबुवा हे नाव गेल्यावर आपण उरणार कोण, हे त्याला कळत नव्हतं.

सोमवारी सभागृहात साहेबांनी त्याची तोंड भरून स्तुती केली. त्याने काठी कशी धरायची, झेंडा किती हात लांब रोवायचा, सगळं दाखवलं. मग पुलापलीकडच्या टोळीची मुकादम उठली. तिला सगळे मावशी म्हणत, आणि तिच्या जिभेला सगळे भीत.

“दादा, एक विचारू? बाकी सगळं भुईसपाट, मध्ये एकच झुबका आणि वर लाल फडकं. कावळ्याला दिसत नाही का हो ते?”

सगळे हसले. साहेब त्याच्याकडे बघू लागले. आत्ता बोलायचं होतं. त्याला ते लख्ख कळत होतं.

“नाही मावशी,” तो म्हणाला. “कावळा फडक्याला बुजतो.”

“मग ठीक. तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय म्हणजे झालं,” म्हणून ती खाली बसली.

बुधवारी संध्याकाळी तिचाच फोन आला. “दादा, अख्खा पट्टा झाला! सत्तेचाळीस घरटी. तुम्ही शिकवलं तस्सं, एकही सोडलं नाही.”

“मावशी, झेंडे उपटा. कावळे बुजत नाहीत. मी शुक्रवारीच पाहिलं होतं.”



“झेंडे उपटून काय करू?” ती म्हणाली. “गवत गेलं की. झुबके तर मैलभरावरून दिसतायत. मी भर सभेत विचारलं होतं तुम्हाला.”

“हो. विचारलं होतंत.”

तिने फोन ठेवला. त्याच मोबाइलवरून त्याने साहेबांना सगळं सांगितलं, शुक्रवारचं आणि सोमवारचंही. साहेब ओरडले नाहीत. “उद्यापासून कापणी बंद,” एवढंच म्हणाले. बायकोने शेजारी बसून ऐकलं होतं. तिने मशीनमधला अर्धा शिवलेला झेंडा काढला आणि घडी घालून ठेवला.

गुरुवारी उजाडताच तो मावशीच्या पट्ट्यावर पोचला. तिची टोळी कावळे हाकायला आधीच पट्टाभर पांगली होती, पण माणसं नऊ आणि झुबके सत्तेचाळीस. झेंडेबुवा हातवारे करत, ओरडत धावला. कावळे उठले आणि पुढच्या झुबक्यावर जाऊन बसले. तो तिथे धावला, तोवर ते मागच्यावर. दुपारपर्यंत त्याचा आवाज बसला.

मावशी सकाळपासून त्याच्याशी बोलली नव्हती. शेवटी पाण्याची बाटली त्याच्या हातात देत म्हणाली, “प्या. आणि त्या टोकाला जा. इथली अंडी संपली.”