माझ्या सांध्यात खिळा कोणी ठोकला?

मी सेलूच्या धुरपताबाईच्या घरातली पुस्तकांची मांडणी बोलतेय. रागातच बोलतेय. गोड ऐकायचं असेल त्यानं पुढच्या घरी जावं.

हिंगणघाटच्या एका जुन्या कापसाच्या जिनिंगचं छप्पर उतरवलं, त्याच्या सागवानी तुळयांतून मी निघाले. धुरपताबाईची नात रोशनी डिझाइन शिकलेली. तिनं माझं चित्र काढून नत्थू सुतारापुढं ठेवलं. अंगात एकही खिळा नाही. फळीचं टोक खांबातून आरपार बाहेर काढायचं आणि त्यात लाकडी पाचर बसवायची.

नत्थूबाबा हसला. "पोरी, आमी जल्मभर सांधा झाकत आलो. अन् तू म्हन्तं, उघडा ठेवा?"

"बाबाजी, तुमचं काम लोकाइले दिसलं पाह्यजे ना!"

"काम दिसन, तं चूक बी दिसन."

"मंग चूक नोका करू."

असं भांडत भांडतच दोघांनी मला उभी केली. नत्थूबाबानं सगळ्यांना बजावलं, "उन्हाळ्यात लाकूड आखडते. हे हालन. भेव नोका, पाचर हळूच ठोकजा. पावसाळ्यात फुगून आपोआप घट्ट होते."

सगळ्यांनी माना हलवल्या. माणसाची मान काय, समोरच्याचं बोलणं संपावं म्हणूनही हलते.

वर्ध्याच्या एका शाळेला वाचनालयासाठी अशाच मांडण्या हव्या होत्या. शाळा उघडल्यावर हर्षामॅडम मला बघायला येणार होत्या. काम मिळालं तर रोशनी आणि नत्थूबाबा सेलूतच दुकान टाकणार. नाही तर रोशनी पुण्याला, दुसऱ्याच्या नोकरीत.

मे लागला आणि मी हलले. रोशनी नागपूरले गेलती. तिचा काका अश्वजित हातोडी घेऊन आला.

"अरे, पाचर ठोक नं! खिळे काऊन ठोकून राह्यला?" धुरपताबाई ओरडली.

"माय, पाचर उद्या पुन्हा ढिली होईन. पोरीच्या पाहुण्यासमोर हे डगमगलं तं इज्जत जाईन."

मायेनंच ठोकले मेल्यानं! म्हणून तर जास्त राग येतो. वैऱ्याला शिव्या देता येतात, याला काय देऊ? एकही सांधा सोडला नाही. पावसाळ्यात फळ्या फुगायला गेल्या, खिळ्यांनी त्यांना हलू दिलं नाही. मधली फळी टर्रकन लांबीभर फाटली.

शाळा उघडली आणि रोशनी नागपूरहून थेट मॅडमना घेऊनच घरी आली. मॅडमनी खिळ्यांच्या डोक्यांवरून बोट फिरवलं. "तू तर म्हणाली होतीस, एकही खिळा नाही."

रोशनीनं ते खिळे तेव्हाच पहिल्यांदा पाहिले. अश्वजित तिथंच होता. मोबाइलमध्ये डोकं घालून. मॅडम चहासुद्धा न घेता गेल्या.

मग रोशनीनं पकडीनं खिळे उपटले. एकेक निघताना मी किंचाळले.

"भोकाइत पुट्टी भर, वरून पॉलिश मार," काका म्हणाला. "कोनाले दिसते?"

"मले दिसते, काका."

तिनं मॅडमना पुन्हा बोलावलंय. शनिवारी येते म्हणाल्या.

मॅडम, या. फाटलेली फळी बघा, भोकंही बघा. पण त्यावरून माझ्या पोरीला खोटी ठरवू नका.

आणि अश्वजित, शनिवारी कामाचं निमित्त काढून वर्ध्याले पळू नको. घरीच राह्यजो. भोकं कोणी पाडली, हे मॅडमनी विचारायच्या आधी तुझ्या तोंडानं सांगजो.