शनिवारची तिसरी ओळ

पितळी हॉर्नची, फुंकायच्या वाद्याची, मुखनळी मुठीत होती, मुठीच्या उबेनं कोमट होत चालली होती, आणि कोठीतल्या फळीवर, काकडीच्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी, त्या काळ्या डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकत नव्हता — नुसता जळत होता, पापणी न हलवता कोणी आपल्याकडे बघत राहावं तसा. हाइडरोजच्या मनात पहिल्यांदा आलं ते दिव्याचं नव्हेच. आलं ते हे, की आज आपण वचनाच्या आधी इकडे आलो. उठायचं, तोंड धुवायचं, आणि कॉफीचं पाणी ठेवण्याआधी त्या छोट्या निळ्या पुस्तिकेतलं दिवसाचं वचन वाचायचं — चिठ्ठ्या टाकून काढलेलं, पंथाच्या सगळ्या बंधुमंडळीत त्या दिवशी तेच एक — आणि मगच बाकीचं जग. आईनं लावलेला नेम. तिनं लगबगीनं पुस्तिका उघडली, ओळ वाचली, आणि अर्थ मनात उतरायच्या आत पुन्हा मान कोठीकडे वळवली. याला वाचलं म्हणायचं का? …देवाला घाई कळते, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि ते सांगणंही घाईतच झालं.

डब्यात, म्हणजे त्या घरगुती सर्व्हरमध्ये, ‘मनोरा’ होता. चर्चच्या मनोऱ्यावरून पितळी वाद्यं फुंकणारी आसपासच्या गावांतली माणसं — सुतार, परिचारिका, दोन पाद्री, एक कसाई — जिथे एकमेकांशी बोलतात ती जागा. अशा जागा जगात पुष्कळ. सगळ्यांचा मिळून एक मालक नाही, ज्याचा डबा त्याच्या घरी. एका डब्यातलं बोलणं टपालासारखं दुसऱ्या डब्यांकडे जातं आणि तिथे त्याची एकेक प्रत राहते. हा डबा हाइडरोजकडे आला कारण सुरुवातीला कोणीतरी म्हणालं, हाइडरोज, तुझी कोठी थंड असते. एवढंच. कोठी थंड असते म्हणून ती इतक्या माणसांची राखणदार झाली.

चष्मा लावून तिनं टेबलावर लॅपटॉप उघडला. दोन ओळी टाइप करताच डब्यानं सांगितलं, जागा शिल्लक नाही. डिस्क काठोकाठ भरली होती, आणि काल दुपारपासूनचं सगळं टपाल, गावातलंही आणि बाहेरचंही, दाराशी रांगेत तिष्ठत उभं होतं. तिला नवल वाटलं नाही. बाहेरून आलेल्या चित्रांच्या, आवाजांच्या जुन्या प्रती आपोआप झाडून टाकायची सोय असते, सगळे ती लावतात, कारण मूळ वस्तू ज्याच्या त्याच्या घरी असतेच, लागली तर पुन्हा मागवता येते. डबा सांभाळायला मदत करणाऱ्या रिकानं कितीदा सांगितलं होतं. ‘लावते हं,’ असं ती दर वेळी म्हणाली होती, आणि लावली नव्हती — कारण एका माणसाचं मूळ घर… तो विचार तिनं तिथेच अडवला. कॉफी ठेवली.

फोन वाजला. एहरेनफ्रीड. तो फुंकणाऱ्यांचा म्होरक्या. सत्तरी उलटली तरी आवाज तुतारीसारखा.

“हाइडरोज, तुझा मनोरा मुका झालाय, की मलाच कोणी विचारेनासं झालंय?”

“मुका झालाय. बघतेच आहे.”

“बघ, बघ. उद्या सकाळी मार्टाला दफनभूमीत पोचवायचंय, आणि माझ्याकडे तिसऱ्या ओळीला कोणी नाही. काल हाक मारली मनोऱ्यावर, तर कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.”

“एकेकाला फोन करून बघ ना.”

“कुणाचे नंबर आहेत माझ्याकडे? तूच म्हणालीस, एहरेनफ्रीड, ती चुरगळलेली वही फेक आता. फेकली! मार्टा जन्मभर चौथ्या ओळीला उभी राहिली बाई. वरची तिसरी रिकामी ठेवून फुंकलं ना, तर उठून बसेल आणि मला शिव्या देईल.”

तिसरी ओळ. भजन चार ओळींत वाजतं, चार वेगळ्या सुरावटी एकाच वेळी; फोन ठेवल्यावरही तिच्या कानात ते दोन शब्द राहिले, आणि मघाशी अडवलेला विचार दुसऱ्या दारानं आत आला.

रुप्रेख्ट फोग्टलँडातल्या मार्कनॉयकिर्शन गावी वाद्यं दुरुस्त करायचा. एकदाच भेटला होता — हेर्नहुटला, ईस्टरच्या पहाटे, सगळ्या गावांचे फुंकणारे टेकडीवरच्या दफनभूमीकडे चढत होते, थंडीनं पितळ ओठांना चिकटत होतं, आणि शेजारचा हा अनोळखी उंच माणूस म्हणाला होता, मुखनळी काढून मुठीत धरा, शेजारीणबाई, खिशात नाही, मुठीत. खिसा काय, कोणाचाही असतो. बस. त्यानंतर मग दर शनिवारी सकाळी तो आपल्या गावच्या छोट्या सर्व्हरवर एक भजन टाकायचा, फक्त तिसरी ओळ, ट्रॉम्बोनवर, दुकानाच्या खिडकीपाशी; मागे कधी सायकलची घंटा, कधी त्याचं खाकरणं. आणि ती इथे, स्वयंपाकघरात, त्याच्यासोबत दुसरी ओळ वाजवायची. हे तिनं त्याला कधी कळवलं नाही. त्याच्या प्रत्येक भजनाखाली एक चांदणी तेवढी दाबायची, लोक दाबतात तशीच. मग तो गेला — कोणीतरी दोन वाक्यांत कळवलं — आणि शनिवार मात्र चालूच राहिले, कारण त्याची भजनं तिच्या डब्यात होती, एकामागून एक. संपली की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. यात पाप आहे का, असं तिनं स्वतःला विचारलं होतं. मेलेल्या माणसाबरोबर प्रार्थना म्हणण्यात पाप असलं तर अख्खं चर्चच पापात बुडालेलं आहे.

तिनं प्रती झाडल्या नाहीत. यंत्राच्या जुन्यापान्या नोंदी शोधून काढल्या, एक निरुपयोगी झालेला बॅकअप काढून टाकला, आणि दुपारपर्यंत पुरेशी जागा झाली. आता रांग सोडायची. पण सोडण्याआधी रांगेत कोण उभं आहे ते बघावं, असा रिकाचा दंडक. बाउत्सनच्या बस डेपोत वेळापत्रकं लावणारी रिका डब्याची दुसरी राखणदार. जेवणाच्या सुट्टीत तिथूनच तिनं यादी उघडली, आणि हाइडरोज बटाट्यांवर क्वार्कचा मऊ चक्का आणि जवसाचं तेल घालत असतानाच तिचा फोन आला.

“खाली बसलीस का? नसशील तर बस.”

“बसले.”

“फोग्टलँडचा तो छोटा सर्व्हर, शाळामास्तर चालवायचा ना, तो त्यानं बंद केला. नीट, रीतसर केलाय हो, आपल्यासारखा अर्धवट नाही. जाता जाता सगळ्यांना कळवलंय, आमच्या माणसांचं जे जे तुमच्याकडे असेल ते पुसा. एकेका माणसाची वेगळी विनंती. सगळ्या आपल्या रांगेत उभ्या आहेत.” मग म्हणाली, “तुझा शनिवारवालाही.”

“माझा कोण शनिवारवाला?”

“अगं, अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. वाद्यं दोन ऐकू येतात आणि घरात बाई एकटी. लोकांनी कधीच लग्न लावून दिलंय तुमचं.”

हाइडरोज हसली नाही. पण कानापर्यंत ऊब चढली, आणि या वयात असं व्हावं याची तिला गंमतही वाटली, लाजही.

“ऐक,” रिकाचा आवाज उतरला. “रांग सुरू केली की पुसलं जाणार. मूळ घर उरलेलंच नाही, म्हणजे कायमचं. पण ती एक विनंती मी ओढून बाहेर टाकू शकते. नाहीतर तू फायली काढून घे, पेनड्राइव्हवर ठेव. कुणाला कळणार आहे?”

तिच्या जिभेवर आलं होतं, काढ बाहेर. इतकं जवळ आलं होतं की तेलाची चवसुद्धा बदलली. …पण मनोऱ्याच्या दर्शनी पानावर तिनंच लिहिलं होतं — आमच्याकडे कुठूनही, कोणीही ‘विसरा’ म्हणालं तर आम्ही विसरू. आणि फोल्कमार कसाई एकदा इथेच, या दारात उभा राहिला होता. सोडून गेलेल्या बायकोनं आपलं सगळं पुसायला सांगितलं होतं आणि तो म्हणत होता, एक, फक्त तळ्याकाठचा तो एक फोटो. मी त्याला कॉफी दिली. फोटो दिला नाही. तो एवढा मोठा माणूस, कप दोन्ही हातांत धरून बसला होता.

“पण रुप्रेख्टनं कुठे सांगितलंय?” आपण हे मोठ्यानं बोललो हे तिला बोलल्यावर कळलं. “मास्तरनं सांगितलंय. तो तर…”

“तेच म्हणतेय मी. तो काही तक्रार करायला येणार नाही.”

तेच. तो तक्रार करायला येणार नाही, म्हणूनच तर नियम मोडायचा नाही. फोल्कमारची बायको आली असती. “नको,” ती म्हणाली. “राहू दे रांगेत. मीच सोडते, कॉफीच्या वेळी.”

“हाइडरोज, तू संत वगैरे आहेस का गं?”

“नाही,” ती अगदी खरं बोलली. “संत असते तर आत्ताच सोडली असती.”

मधला वेळ… मधल्या वेळात पेनड्राइव्ह टेबलावर होता. खणातून कधी काढला, आठवत नव्हतं. तिनं तो मिठाच्या भांड्यामागे ठेवला, मग पुढे, मग ओट्यावरची बटाट्याची सालपटं उचलली. एकदा शेवटचं ऐकावं? पण शेवटचं म्हणून ऐकलं की ते शनिवारचं राहत नाही, आणि आज शुक्रवार. विचित्र वाटेल, पण तिनं ऐकलं नाही ते या कारणानं. निदान तसं तिनं मनाशी ठरवलं. कदाचित ऐकलं असतं तर हात पेनड्राइव्हकडे गेला असता, म्हणूनही असेल.

तीनला दारावर एहरेनफ्रीड, हातात केकची बशी, डोक्यावर टोपी तशीच.

“बेकरीतला नाही, बहिणीनं केलाय, तोंड वाकडं करायचं नाही. कुठंय तो आजारी?” तो सरळ कोठीत शिरला आणि डब्यापुढे कमरेवर हात ठेवून उभा राहिला. “एवढासा? याच्या जिवावर आम्ही वह्या फेकल्या! बटण कुठंय, मी दाबतो.”

“बटण नसतं. तू बस, केक काप.”

“अजून का सुरू केला नाहीस? संध्याकाळ झाली तर माणसं यायची कशी? मार्टाची मुलं तिचा पितळी बाजासुद्धा विकायला निघालीत, म्हणतात जागा नाही. जागा! तिच्या वेळी एका खोलीत सहाजण झोपायचे…”

तो बोलत होता, सुरी बशीवर वाजत होती, केकवरचा भुगा टेबलावर सांडत होता, आणि हाइडरोजनं एक ओळ टाइप केली. आता प्रार्थना म्हणावी असं तिला वाटलं, पण सकाळचं वचनच आठवेना. आठवला तो फक्त पुस्तिकेचा निळा रंग. तिनं कळ दाबली.

काही झालं नाही. म्हणजे आवाज नाही, धक्का नाही. पडद्यावरचा रांगेचा आकडा उतरू लागला, आधी थबकत, मग भराभर, आणि त्या उतरत्या आकड्यात कुठल्या तरी क्षणी, एहरेनफ्रीड मार्टाच्या बहिणीच्या चष्म्याचं काही सांगत असताना, दुसऱ्या तुकड्यासाठी बशी पुढे करत असताना… कुठल्या, ते तिला कळलं नाही. ती हं, हं म्हणत राहिली.

“हां! आला बघ जीव!” तो कोठीच्या दारातून ओरडला. दिवा लुकलुकत होता.

उत्तरं येऊ लागली. चौथ्या ओळीला दोघं. पहिलीला तिघं. आणि तिसरीला — सीमेपलीकडच्या गावातला कोणी एक, नाव दोघांनाही अनोळखी: मी येतो, ट्रॉम्बोन घेऊन, सकाळी किती वाजता?

“बघ, मिळाला,” एहरेनफ्रीड म्हणाला. “तुझ्याच शेजारी उभा करतो. दुसरी-तिसरी एकमेकींना धरून असावी. नवा आहे, सांभाळून घे त्याला.”

तो गेल्यावर तिनं बशी धुतली, भुगा पुसला, पेनड्राइव्ह खणात टाकला, रिकामाच. रुप्रेख्टच्या पानावर ती गेली नाही. पाहिलं नाही तोवर ते आहे की नाही हे… पण नाही, असं स्वतःला फसवायचं नाही, नाहीये. मग तिनं मुखनळी मुठीत धरली, कोमट होईस्तोवर, आणि खिडकीत उजेड होता तेवढ्यात उद्याचं भजन, त्याच्याबरोबर कितीदा वाजवलेलं, हळू वाजवून बघायला घेतलं. दुसरी ओळ. एकटीच. तिसऱ्या कडव्यापाशी, जिथे कोणीही श्वास घेत नाही, शब्दाच्या अगदी मध्यावर, ती थांबली. ही त्याची जागा. तिथे तो नेहमी चुकीचा श्वास घ्यायचा, आणि ती त्याच्यासाठी थांबायची…

की थांबत होते मीच, आणि मला वाटायचं तो थांबला? तिनं पुन्हा वाजवलं. पुन्हा तिथेच थांबली. त्याची चूक होती ती, की माझी, पहिल्यापासूनची? लावून बघता येणार नव्हतं आता. ऐकून सांगेल असं कोणी नव्हतं. उद्या शेजारी उभा राहणारा तो अनोळखी माणूस त्या शब्दापाशी पोचेल, आणि मी थांबलेली असेन — तो पुढे जाईल, की थांबेल, ती ओठांवर नळी धरून विचार करत राहिली, श्वास घेतलेला, सोडायचा राहिलेला.