सकाळची गाडी, संध्याकाळची गाडी

“घे, तोंड गोड कर. तुह्यामुळं वावर वाचलं माहं,” म्हणत इंदूबाईंनी पेढ्याचा पुडा कुंदाच्या पुढ्यात ठेवला आणि भिंतीला टेकून पाय लांब केले.

कुंदा मेथी निवडत होती. आपल्यामुळे कुणाचं शेत वाचल्याचं तिच्या तरी ऐकिवात नव्हतं. तिच्यामुळे ढाणकी गावातली पाण्याची गुंडं भरायची, एवढं मात्र खरं. उद्या नळ येणार नाहीत, पोलिओचा डोस शाळेत मिळेल, अमक्यांची अंत्ययात्रा राहत्या घरून निघेल, हे सगळं गावाला तिच्याच आवाजात कळायचं. अवधूतच्या साउंड सर्व्हिसमध्ये मागच्या खोलीला आतून गोधड्या ठोकल्या होत्या. तिथे बसून ती बोलायची आणि मग ऑटोवरचा भोंगा तेच बोलत गल्लोगल्ली फिरायचा. घरात मले-तुले करणारी कुंदा माइकसमोर बसली की थेट आकाशवाणी. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पोळ्या लाटता लाटता रेडिओ ऐकून तिचं तिलाच आलं होतं.

“म्या काय केलं वो मावशी?”

“अवं, तूच तं सांगतलं सकाळच्या गाडीवर! ‘ठोक्याने दिलेली जमीन कसणाऱ्याच्या नावावर होणार, मालकांनो, जागे व्हा!’ झाली मी जागी. उमरखेडले गेलती परवा. घनश्यामच्या नावानं बक्षीसपत्र करून देल्लं. पुतन्या हाय, घरातल्या घरात तं राह्यलं.”

“बक्षीसपत्र? रजिस्टर करून?”

“मंग काय तोंडी? फोटो काढला, बोटं घेतली. आता येऊ दे म्हना कोनता कायदा येते थो.”

इंदूबाईंना मूलबाळ नव्हतं. नवरा गेल्यापासून ते वावर आणि त्या, दोघंच एकमेकांना धरून होते. कुंदाने पेढा तोंडात टाकला. मग मेथीची पुढची जुडी सोडली.

निवडणूक चार दिवसांवर आली होती. नवा शेती ठोका कायदा, म्हणजे ठरीव पैशांवर जमीन दुसऱ्याला कसायला देण्याचा, गेल्या अधिवेशनात मंजूर झालेला आणि प्रचारात सगळीकडे त्याचीच चर्चा. कुंदाने काही केलं नव्हतं. अवधूतने कागद दिला, तिने वाचला. पोस्टमनने पत्र टाकावं, तसं.

दुपारी खेमसिंग आला. तांड्यावरचा हा माणूस कित्येक वर्षांपासून इंदूबाईंचं वावर ठोक्याने करायचा, आणि पहिल्या तुरीची डाळ भरडून आधी त्यांच्या घरी आणून द्यायचा. दारातच उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही.

“ताई, थे संध्याकाळच्या गाडीवर तुमीच बोलता न? ‘कसणाऱ्या बांधवांनो, जमीन तुमच्या नावावर होणार’?”

“हो, मीच.”

“थे कुठं लिवलं हाय, थे दाखवा मले एक डाव.”

“काहून? वावर पायजे का तुले?”

खेमसिंगने कानाला हात लावले. “याडीचं वावर मले कायले?” त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. इंदूबाईंना तो पहिल्यापासून तेच म्हणायचा. “पन घनश्याम म्हने, तूर काप अन् निघ. याडी तं माह्यासंग बोलत बी नाही. तोंड फिरवते. म्या मांगतलं का कधी? मांगतलं नाही, तं मले काढलं काहून? लिवलं असन तं मले आयकवा. म्हंजे समजन तरी, चोर कोनत्या कलमानं झालो मी.”

सकाळची गाडी एका पक्षाची, संध्याकाळची दुसऱ्याची. एक मालकांना घाबरवत होती, दुसरी कसणाऱ्यांना आशा लावत होती. दोन्हींचे कागद तिनेच वाचले होते, एकाच दुपारी, मधे एक चहा घेऊन. पहिल्याला तिने आवाज खाली नेला होता, दुसऱ्याला जरा हसरा ठेवला होता. वाचताना तिच्या लक्षातही आलं होतं की दोघं एकच गोष्ट सांगताहेत. एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं एकच म्हणतात, म्हणजे ते खरंच असणार, असा हिशेब तिने मनात केला होता आणि चहाचा कप विसळला होता.

तिने अवधूतला फोन लावला.

“अवधूत, तो कायदा पाठव मले.”

“कोनता कायदा?”

“जो मी बोलून राह्यली दोन गाड्यांवर, थो.”

“स्क्रिप्ट देल्ली न ताई तुमाले.”

“स्क्रिप्ट नाही. कायदा. वाचला का तू?”

तिकडून हसण्याचा आवाज आला. “म्या कायले वाचू? वरून आलं.”

“वरच्यायनं वाचला का?”

“ताई, प्रचार हाय हा. वाचत बसले तं प्रचार कधी करतीन?”

बाजारातल्या झेरॉक्सवाल्या पोरीने सरकारी संकेतस्थळावरून तो काढून दिला. एवढ्या गदारोळाचा कायदा, निघाला लग्नाच्या आहेराच्या यादीहून लहान. मराठीत होता. कुंदाला वाटलं होतं, इंग्रजीत असेल, अवघड असेल, म्हणून कुणी वाचला नसेल. ओट्यावर खेमसिंगला बसवून ती वाचायला लागली. मोठ्याने वाचायचं म्हटलं की माइकचाच आवाज लागायचा तिचा.

“‘जमीन ठोक्याने दिल्यामुळे मालकाच्या मालकीहक्कास कोणतीही बाधा येणार नाही. ठोकेदारास त्या जमिनीवर मालकीचा कोणताही हक्क प्राप्त होणार नाही.’”

ती थांबली. पुन्हा वाचलं. मग पान उलटून पाहिलं, मागे काही वेगळं लिहिलंय का म्हणून. मागे कोरं होतं.

“वाचा न फुडं,” खेमसिंग म्हणाला.

“‘ठोक्याची नोंद केल्यास पीक विमा व नैसर्गिक आपत्तीची मदत प्रत्यक्ष कसणाऱ्यास मिळेल.’”

“कोनाले?”

“कसणाऱ्याले. तुले.”

खेमसिंग कागदाकडे वाकला. मग म्हणाला, “म्हंजे गारपीट झाली असती तं पैसे मले भेटले असते. अन् वावर याडीचंच राह्यलं असतं.”

“हो.”

“मंग भांडन कायचं होतं, ताई?”

कुंदा उठली. तिने पलीकडच्या घरातून इंदूबाईंना हाक मारून आणलं. खेमसिंगला पाहून त्यांनी पदर ओढला आणि तोंड फिरवलं. कुंदाने तेच कलम त्यांना वाचून दाखवलं, यावेळी घरच्या बोलीत समजावून, अक्षरांवर बोट ठेवून.

इंदूबाई हसल्या. “काय बी सांगतं का वं? कागद कोनी बी छापते.”

“मावशी, सरकारचा हाय कागद.”

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ऑटो वळला. भोंग्यातून खणखणीत, शुद्ध, काळजीने भरलेला आवाज आला: “ठोक्याने दिलेली जमीन कसणाऱ्याच्या नावावर होणार! मालकांनो, जागे व्हा!”

“आयक, आयक,” इंदूबाईंनी विजयी बोट वर केलं. “पाह्य, काय सांगून राह्यली!”

“मावशी, थे मीच हावो.”

“थे गाडीवरचं हाय, बाई. तू घरात बोलून राह्यली.”

कुंदा स्वतःच्या आवाजाकडे पाहत राहिली. तो ऑटोवर बसून, झेंडा लावून, तिच्या दारावरून चालला होता आणि तिला ओळखही देत नव्हता. तिला वाटलं धावत जाऊन त्याच्या तोंडावर हात ठेवावा. पण भोंग्याला तोंड असलं तरी झाकायचं कशाने?

“थे खोटं हाय, मावशी,” ती म्हणाली. “मी न वाचता बोलली.”

ऑटो दूर गेला. इंदूबाईंचं बोट हळूहळू खाली आलं. त्यांनी एकदा कुंदाकडे पाहिलं, एकदा खेमसिंगकडे. त्याच्याकडे जरा जास्त वेळ. मग उठल्या. “घनश्यामले म्हनतो, वापस करून दे म्हनून. देईन थो. माह्या मांडीवर खेळला हाय.”

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. कुंदाच गेली. इंदूबाई चुलीसमोर बसल्या होत्या. चूल पेटलेली नव्हती.

“काय म्हनला?”

“म्हने, काकू, कायदा काही बी असो. रजिस्ट्री तं झाली न.”

कुंदा तडक अवधूतकडे गेली. “दुसरं रेकॉर्डिंग कर. खरं काय हाय थे सांगतो मी. पैसे नको.”

अवधूतने मान खाली घातली. “करून देतो ताई. पन फिरवनार कोन? पक्षाच्या गाडीवर थे लावलं तं मले मारतीन. अन् मतदान झालं का गाडीवर भांड्याचा सेल हाय.”

तेव्हा ती बाजारच्या दिवशी कागद घेऊन चौकात उभी राहिली आणि माइकशिवाय वाचू लागली. लोक थांबले, चार वाक्यं ऐकली. एक बाई कळवळून म्हणाली, “ताई, घसा बसला काय वो?” आणि सगळे आपापल्या भाजीकडे गेले.

मतदान झालं. दोन्ही पक्षांचे झेंडे ऑटोवरून उतरले. खेमसिंग तूर कापून गेला. जाण्याआधी इंदूबाईंच्या ओट्यावर डाळीची पिशवी ठेवून गेला. हाक मारली नाही.

मग एका दुपारी पाइपलाइनच्या कामाचा कागद आला आणि भोंगा नेहमीसारखा गल्लीतून फिरला. “उद्या नळ येणार नाहीत. नागरिकांनी पाण्याचा साठा करून ठेवावा.” पाठोपाठ गल्लीत बादल्यांचा, ड्रमांचा, पिंपांचा आवाज सुरू झाला. कुणीही काहीही विचारलं नाही. त्या खडखडाटाची कुंदाला पहिल्यांदाच भीती वाटली.

दारात इंदूबाई उभ्या होत्या. कमरेवर रिकामं गुंड.

“कुंदा,” त्या म्हणाल्या. रागाने नाही, साधंच. “हे तरी खरं हाय न?”

कुंदा ‘हो’ म्हणणार होती. शब्द ओठांवर आलाही होता.

“थांबा मावशी,” ती म्हणाली. “इचारतो.”

तिने नळवाल्याला फोन लावला आणि त्याचं बोलणं इंदूबाईंनाही ऐकू जावं म्हणून मोठ्या आवाजावर टाकला. घंटी वाजत राहिली. इंदूबाई उंबरठ्यावर बसल्या, गुंड मांडीत घेतलं, आणि दोघी वाट पाहू लागल्या.