गेलो म्हणजे कोण गेलो?

साहेब, तुम्ही मला माझ्याच घरातून हाकलून दिलंत. पोलीस न पाठवता, नोटीस न लावता, नुसत्या एका क्रियापदाच्या जोरावर. आणि वर माझ्या बायकोला घरात ठेवून घेतलंत. हा पराक्रम आजवर एकाही सावकाराला जमला नव्हता.

तुमच्या खुर्चीचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर 'सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नाही' असं उत्तर येतं, आणि तेवढंच वेळेवर येतं.

मी सत्यवान हडकर. मसुऱ्याच्या खाली, खाडीकडच्या खाजणवाडीत राहतो. शाळा सातवीपर्यंत, तीही नापास. चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या. होड्यांची नावं, दुकानांचे फलक, शाळांच्या भिंती. फ्लेक्स आला आणि धंदा बसला, पण अक्षराची खोड गेली नाही. व्याकरण मी रद्दीतल्या पुस्तकांतून शिकलो. रोजचा पेपर लाल पेन घेऊन वाचतो. 'प्रशासन सज्ज' हे शब्द दिसले की घरावरची कौलं तपासून घेतो. ज्या गावात 'एकच खळबळ' उडाल्याचं छापतात तिथे मी बऱ्याच वेळा गेलोय. लोक सुपाऱ्या सोलत बसलेले असतात.

तर मार्गशीर्षात तुमची माणसं घरोघरी माहिती घ्यायला आली. आमच्या वाडीत आठ घरं, त्यातली सहा कुलपात. सातव्यातला बाबली तेव्हा नुकताच देवगडला लेकीकडे राहायला गेला होता. म्हणजे घरोघरी म्हणायला माझंच. आलेल्या बाईंचं नाव सलोनी. फोंडाघाट चढून वर कोल्हापूरकडे त्यांचं माहेर, नोकरीला लागून तीन आठवडे झालेले. पोर चांगली होती. हातात सरकारी टॅब. रेंज विहिरीच्या काठावरच मिळते, म्हणून आम्ही दोघं विहिरीवर बसलो.

"काका, घरात कोण कोण असतं?"

कित्येक दिवसांनी कोणीतरी समोर बसून मला काही विचारत होतं. मी खुशीत आलो, आणि खुशीत आलो की माझी पुस्तकी मराठी सुटते, मालवणी येते. म्हटलं, "झील मुंबयक गेलो. आता थंयच रवता."

"रवता म्हणजे?"

"रवता म्हणजे राहतो."

बाईंनी लिहिलं, 'मुंबईला गेलो. आता तिथेच राहतो.' झील म्हणजे मुलगा हे त्यांना माहीत नव्हतं. बोलण्याआधी आपण 'अहो' लावतो तसं काहीतरी असेल समजून त्यांनी झील गाळला. आता साहेब, नीट ऐका, कारण तुमच्या अख्ख्या कचेरीला हे समजलेलं नाही. आमच्याकडे 'गेलो' म्हणजे तो गेला. मी गेलो असेन तर आम्ही 'गेलंय' म्हणतो. तुमच्या मराठीत 'गेलो' म्हणजे मी. माझा मुलगा कौस्तुभ मुंबईला गेला, आणि तुमच्या कागदावर मी गेलो. माणूस विहिरीवर बसून सांगतोय की मी इथे राहत नाही, आणि लिहिणाऱ्या बाईंना त्यात काही वावगं वाटत नाही! तीन आठवड्यांच्या नोकरीत त्यांनी याहून मोठी आश्चर्यं पाहिली असणार.

"आणि काकी?"

इथे चूक माझी. मी म्हटलं, "आसा. भितर आसा."

आत तिचा फोटो आहे. का म्हटलं ते पुढे सांगतो.

महिन्याभराने समद सकाळी स्कूटर घेऊन आला. तो बंदरावरून दिवसाआड मासे आणतो आणि माझा पेपरही. वाडीत शिरतानाच ओरडत आला, "काकानू! तुमी काकीक टाकून पळाल्यात म्हणान पेपरात इला!"

"काय बरळतस रे?"

"मी खंय बरळतंय? फोटो बघा. ह्यो तुमचो पंचो!"

बातमी तीन कॉलमी होती. 'पतीने वाऱ्यावर सोडलेल्या सुभद्राबाईंना शासनाचा आधार.' खाली माझ्या घराचा फोटो, दोरीवर माझा पंचा वाळतोय. बातमीदार वाडीत आलाच नव्हता. तुमच्या कचेरीने कागद दिला, त्याने छापला. 'एकाकी वृद्धा डोळ्यांत प्राण आणून पतीची वाट पाहत आहे,' असं लिहिलं होतं. मी लाल पेन घेतलं. 'वृद्धा'तला 'द्ध' उलटा, 'शासन' कर्ता असून क्रियापद बेपत्ता, एकूण अकरा चुका. समद तराजू हातात धरून बघत राहिला.

"काकानू, तुमका राग येना नाय?"

"अकरा काढलंय, दिसना नाय?"

"ता नाय ओ. सोडल्यात म्हणतत तेचो."

मी पेनाला टोपण लावलं. त्याने मोजून झालेल्या बांगड्यांवर दोन जास्त टाकले आणि गेला.

दुसऱ्या दिवशी तुमच्या कचेरीत आलो. खिडकीमागे निलेश. याच्या बापाच्या दुकानाची पाटी मी रंगवलेली. बाजारात भेटला की 'काकानू, च्या घेतल्यात?' करतो, पण खुर्चीत बसला की त्याच्या तोंडात छापखाना बसतो.

"आपण कोण?"

"माका वळाखणस नाय तू?"

"सत्यवान हडकर कायम स्थलांतरित आहेत."

"मीच तो."

"तसा पुरावा सादर करावा लागेल."

मी आधार कार्ड दाखवलं. ते म्हणे ओळखीचं, उपस्थितीचं नव्हे. मी म्हटलं, मी तुझ्यासमोर उभा आहे. तो म्हणाला, "आपण मालवणात उभे आहात, खाजणवाडीत नाही." साहेब, याला बढती द्या. खरंच द्या.

मग त्याने दुरुस्तीचा नमुना दिला. नियम असा, की बाहेर गेलेल्या माणसाला यादीत परत घ्यायचं तर घरात उपस्थित असलेल्या सदस्याने सही करायची. म्हणजे सुभद्रेने.

"ती वारली रे. तीन वर्षं झाली. तुझो बापूस इल्लो तेराव्याक."

निलेशने इकडे तिकडे बघितलं आणि खिडकीतून पुढे वाकला. आवाज बाजारातला झाला. "काकानू, मृत्यूचो दाखलो जोडा. पण जोडल्यात की तेच दिवशी काकीचा नाव जातला, मगे घरात कोणच नाय. घर 'बंद' लागतला. बंद घराचो नमुनो हय नाय, जिल्ह्याक जावचा लागतला. तुमचा नाव थंयसून, यथावकाश." पुन्हा सरळ बसला. "हरकत पंधरा दिवसांत नोंदवावी. अन्यथा यादी अंतिम समजण्यात येईल."

'यथावकाश' हा तुमच्या भाषेतला सगळ्यात मोठा शब्द. चाळीस वर्षांत माझ्याकडून कोणी तो पाटीवर लिहून घेतला नाही. गिऱ्हाईक पळालं असतं.

रात्री कौस्तुभचा फोन आला. तो आता 'गेला' म्हणतो, 'गेलो' नाही. "बाबा, कशाला वाद घालता? दाखला जोडा आणि मोकळे व्हा." मी म्हटलं, बघतो. पुढे बोलायला काही नव्हतं, म्हणून त्याने इथला पाऊस थांबला का विचारलं. पाऊस थांबून तीन महिने झाले होते.

दाखला ट्रंकेत आहे. काढला. वाचला. 'मयताचे नाव' बरोबर लिहिलंय. तारीखही बरोबर.

त्या तारखेचं सांगतो. आमच्या फाट्यावर तुम्ही बस थांब्याची शेड बांधलीत आणि वर लिहिलंत, 'प्रवाशी निवारा'. 'शी' नव्हे, 'सी'. मी सहा अर्ज केले होते, सातवा द्यायला निघालो. सुभद्रा ओट्यावर बसली होती. म्हणाली, "आज जाव नुको. छातीत कसातरी होता." मी म्हटलं, "दुपारपर्यंत येतंय." तुमच्या माणसाने मला चार वाजेपर्यंत बसवून ठेवलं आणि पोचपावती दिली. संध्याकाळच्या गाडीने उतरलो, त्याच शेडखाली. वाडीत आलो तर बाबली माझ्या पायरीवर उभा.

"सत्यवाना, वयनी गेली रे."

आणि मी त्याला विचारलं, "खंय?"

'खंय' म्हणजे कुठे. मला कळलं नव्हतं असं नाही. अक्षरावर जगलेला माणूस मी, एवढा शब्द कळणार नाही? पण तोंडातून तेच आलं. बाबलीने उत्तर दिलं नाही. तेव्हापासून तिच्याबद्दल 'गेली' हा शब्द मी उच्चारलेला नाही. कोणी विचारलं तर 'आसा' म्हणतो. सलोनीबाईंनाही तेच म्हटलं. पहिल्यांदाच कोणीतरी ते खरं मानून लिहून घेतलं.

त्या बातमीत मी अकरा चुका काढल्या. मथळ्याला लाल पेन लावायचं धाडस झालं नाही. तेवढं एक वाक्य बरोबर होतं.

आज चौदावा दिवस. उद्या यादी अंतिम. समदला अर्ज दाखवला. तो म्हणाला, "दाखलो लावा नि सुटा, काकानू. काकी काय रागावची नाय." रागावणार नाही हे मलाही माहीत आहे. ती त्या दिवशीही रागावली नव्हती.

म्हणून ही माझी हरकत. सोबत दाखला जोडलेला नाही. जोडणार नाही. तिला एकदा एकटी टाकून मी तुमच्या कचेरीत येऊन बसलो. दुसऱ्यांदा तुमच्याच कचेरीत येऊन तिचं नाव खोडणार नाही. मला कायम स्थलांतरित ठेवायचं तर ठेवा. पंचा दोरीवर वाळत राहील, त्याचा फोटो छापा. फलकावरची 'शी' तशीच आहे, ती पण राहू दे.

पण तुमच्या यादीत, तुमच्या सही-शिक्क्याने, सुभद्रा सत्यवान हडकर 'घरात उपस्थित' आहे. घर तीन खोल्यांचं. ओटा, माजघर, स्वयंपाकघर. तिन्ही मी रोज बघतो. बाबलीला विचारलं होतं तेच आता तुम्हाला विचारतो. तो बिचारा शेजारी होता, गप्प राहिला. तुम्ही सरकार आहात, तुम्हाला गप्प राहता येणार नाही.

ती खंय आसा? लेखी कळवा. यथावकाश नको.