फुटायचा राहिलेला रांजण

मित्रांनो, पोटानं मोठा आणि तोंडानं लहान असा मी एक जुना रांजण. रांजणाच्या आयुष्यात सांगण्यासारखं ते काय असणार, असं तुम्हाला वाटेल. भरला, रिकामा झाला, संपलं! पण मला एकदा नाशिकच्या भरगच्च नाट्यगृहात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फोडायचं ठरलं होतं. ती हकीकत ऐका.

माझा जन्म कळवणचा. सोमा कुंभारानं मला चाकावर उभं केलं आणि त्याच्या बायकोनं, मैनानं, थापटीनं ठोकून ठोकून माझं पोट फुगवलं. भट्टीतून निघालो तेव्हा तिनं टिचकी मारली. मी खणखणीत वाजलो. "बोलला गं बाई!" ती म्हणाली. माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं कौतुक.

बाजारातून मला रंगनाथआबांनी नाशिकरोडला आणलं. तेव्हा ते एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला होते. मी त्यांची बाजरी सांभाळली, एक किडा आत शिरू दिला नाही. पुढे घरात पत्र्याच्या कोठ्या आल्या आणि मी फाटकाशी पाणी भरून उभा राहिलो. पाळी सुटलेले कामगार सायकल टेकवून प्यायचे आणि "वा, काय गार हाय!" म्हणायचे. मग प्रत्येकाच्या पिशवीत बाटली आली. मला मागच्या अंगणात पेरूखाली ढकललं गेलं. माझ्यात पाइपाचे तुकडे आले, मोडकी छत्री आली. एका मांजरीनं पिल्लं घातली, तेवढाच काय तो विरंगुळा.

एका सकाळी आबांची नात वेदिका मला शोधत आली. ती तत्त्वज्ञानात एम.ए. करत होती आणि घरात कुणाचं ऐकत नव्हती. तिनं मला धुतलं, पुसलं, उन्हात ठेवलं. संध्याकाळी तिचे दोन मित्र आले. अंबडच्या कारखान्यात नोकरी करणारा रोहित आणि तिच्या वर्गातली हर्षाली. तिघं मिळून स्पर्धेसाठी एकांकिका बसवत होते.

"ऐका," वेदिका म्हणाली. "इजिप्तमधला एक शेतकरी खतासाठी माती खणत होता. त्याला जमिनीत तोंड बंद केलेला रांजण लागला. आत जिन्न असेल म्हणून तो घाबरला, मग सोनं असेल म्हणून त्यानं फोडला, असं सांगतात. आत निघाली कातडी बांधणीची पुस्तकं. सोळाशे वर्षांपूर्वी कुणीतरी, बहुधा जाळली जाऊ नयेत म्हणून, लपवलेली!"

"कसली पुस्तकं?" हर्षालीनं विचारलं.

"बरीचशी ग्नॉस्टिक लोकांची. ग्नोसिस म्हणजे आतून उमजलेलं ज्ञान. त्यांच्यात पुष्कळ पंथ होते. पण त्यातले बरेच जण म्हणायचे, हे जग खऱ्या देवानं बनवलेलंच नाही. एका अर्धवट, गर्विष्ठ कारागिरानं बनवलंय. आपल्या आत खऱ्या प्रकाशाची ठिणगी अडकलीय, पण आपण झोपेत आहोत. उमजलं की सुटलो."

रोहित उडालाच. "अगं, हे तर माझ्या गेममध्ये आहे! शेवटच्या लेव्हलला कळतं की अख्खी दुनिया खोटी, कुण्या येड्यानं रचलेली. आणि आपण जागं व्हायचं!"

"तेच तर!" वेदिका म्हणाली. "सिनेमात तेच. स्वप्नांचा अर्थ लावणाऱ्या मानसशास्त्रातही त्याचे धागे आहेत. 'खरा मी आत दडलाय' असं आपण उठता-बसता म्हणतो, त्यातही तो सूर आहे. पुस्तकं पुरली, विचार काही पुरला गेला नाही."

मला फार अभिमान वाटला. एका रांजणाच्या पोटातून जगाला एवढं मिळालं होतं! पण पुढच्याच वाक्याला माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं.

"शेवटी हर्षाली कुदळ घालून रांजण फोडेल," वेदिका म्हणाली. "रांजण म्हणजे शरीर. मातीचा तुरुंग. तो फुटला की उजेड. रोहित, तू लाइट आणि आवाज सांभाळ."

खुर्चीत बसलेल्या आबांनी पेपर खाली केला. "जग कुण्या अर्धवटानं बनवलं? लय झालं तुमचं! आपल्याकडं पण माया म्हणतात, पण तिला कुणी येडी नाय म्हणत."

"आबा, त्यांचा विचार वेगळा आहे. त्यांना माती म्हणजे कैदच वाटायची."

"माती कैद, शरीर कैद! मग पुस्तकं काय हवेत ठेवली होती का?" आबा करवादले आणि चहा मागायला आत गेले. दारातून मागे वळून म्हणाले, "फोड हवं तर. तसाही पडूनच हाय."

पडूनच आहे! मित्रांनो, फुटण्याच्या भीतीपेक्षा हे मला जास्त लागलं.

तालमी सुरू झाल्या. हर्षाली कुदळ उगारायची, माझ्या गळ्याजवळ थांबवायची आणि तोंडानं "फट्!" म्हणायची. मी रोज थोडा थोडा मरत होतो. वेदिका मात्र हल्ली माझ्याजवळ नुसतीच उभी राहायची. पोटावरून हात फिरवायची.

प्रयोगाच्या दिवशी मला गोधडीत गुंडाळून टेम्पोतून नेलं. फुटल्यावर उजेड दिसावा म्हणून माझ्या पोटात बॅटरीचा दिवा ठेवला आणि तोंडावर झाकण घालून दोरी बांधली. रंगमंचावर उजेडात उभा राहिलो, तेव्हा पहिल्या रांगेत आबा दिसले, इस्त्रीच्या शर्टात. वेदिका सोफिया झाली होती. सोफिया म्हणजे ग्नॉस्टिकांच्या कथेतली, वाट चुकलेली ज्ञानदेवी. ती सुरेख बोलत होती. मग हर्षालीनं कुदळ उचलली. थेट डोक्यावर. मला मैनाची ती टिचकी आठवली आणि मी तयार झालो.

"थांब!"

वेदिकानं कुदळीचा दांडा धरला होता. हे लिहिलेलं नव्हतं. हर्षालीचा चेहरा पांढराफटक पडला.

"थांब," वेदिका सावकाश म्हणाली. "ह्या मातीला कैद म्हणत होतो आम्ही. पण माणसं आमचे शब्द जाळत होती, तेव्हा ते पोटात घेऊन कोण बसलं? हीच माती! मी प्रकाश वर शोधत फिरले आणि तो हिनं सांभाळला."

दोघींनी मिळून माझ्या तोंडाची दोरी सोडली. झाकण निघालं आणि आतल्या दिव्याचा उजेड वर आला. तेवढ्यात, हा बदल ठाऊकच नसलेल्या रोहितनं ठरल्या वेळी आवाज लावला. खळ्ळकन्! अख्ख्या नाट्यगृहात रांजण फुटल्याचा आवाज घुमला आणि मी तर धडधाकट उभा! लोक हसू लागले.

वेदिका क्षणभर गडबडली. मग डोकं चाचपत म्हणाली, "हे माझ्या आतलं काहीतरी फुटलं."

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! बक्षीस मिळालं उत्तेजनार्थ. रोहितनं मात्र आठवडाभर सगळ्यांना सांगितलं, की तो आवाज त्यानं मुद्दामच लावला होता.

पडद्यामागे आबा आले. "फोडणार होतीस ना?"

"तुमचा प्रश्न डोक्यातून जाईना, आबा."

"कोणता प्रश्न?" पुस्तकं हवेत ठेवली होती का, असं आपणच विचारल्याचं आबांना आठवतच नव्हतं. वेदिका इतकी हसली की खालीच बसली. जग कुणी बनवलं यावर दोघं टेम्पोतही भांडत आली. अजून भांडतात.

आता त्या एकांकिकेचे गावोगावी प्रयोग होतात आणि मी गोधडीतून हिंडतो. प्रयोगानंतर मुलं वाकून माझ्यात डोकावतात आणि नाही नाही ते प्रश्न विचारतात. मला ते फार आवडतं. मित्रांनो, जगाबद्दल खुशाल शंका घ्या, अगदी ते बनवणाऱ्याबद्दलही घ्या. आमच्यासारख्या जुन्या गोष्टी आत काय घेऊन बसल्यात, हे जरूर शोधा. फक्त कुदळ उगारण्याआधी एकदा झाकण उघडून बघा.